पस्तीस सेकंदांचा बीप

(रेडिओवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी कार्टूनवर बोलणार आहे. कवितेचा माणूस कार्टूनवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. या कार्यक्रमाच्या निर्मात्यांच्याही मनात तेच आलं होतं. ते म्हणाले, "श्रावणातल्या कवितांवर बोला की." मी म्हटलं, "श्रावण दरवर्षी येतो, हा प्रश्न पहिल्यांदाच आलाय."

प्रश्न आणला माझ्या भाच्यानं. तो अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. शनिवारी सकाळी, म्हणजे आपल्या शनिवारी संध्याकाळी, त्याचा व्हिडिओ कॉल येतो. २०२५ च्या पावसाळ्यात असाच एकदा आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो जरा घुटमळला आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाला, "मामू, एक बात पूछूं? गुस्सा नै होना."

'साउथ पार्क' नावाची एक अमेरिकन कार्टून मालिका आहे. मोठ्यांसाठीची. तो ती कॉलेजपासून पाहतो. ती त्या वर्षी 'पॅरामाउंट प्लस'वर आली. पहिल्यापासूनचे सगळे सीझन एका जागी. त्यात पाच भाग नाहीत. चौदाव्या सीझनमधला पाचवा आणि सहावा नाही, दहाव्यातले दोन नाहीत, पाचव्यातला एक नाही. तो म्हणाला, "मामू, ते भाग आपल्यामुळे काढलेत म्हणे."

हा 'आपल्यामुळे' मला लागला. मी मिरजेत वाढलो, मराठीत कविता लिहितो, शुक्रवारी मशिदीत जातो आणि इतर दिवशी लायब्ररीत. कोलोरॅडोतल्या एका काल्पनिक गावातल्या चार कार्टून पोरांची गोष्ट माझ्यामुळे कोणी कापेल, हे मला खरं वाटेना. मी त्याला म्हटलं, पुढच्या शनिवारी बोलू. आणि तो आठवडा मी वाचत बसलो. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

त्याआधी माझ्या अब्बांविषयी थोडं सांगायला हवं. ते मिरजेतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या खोलीत कार्बनचा वास, उकाडा, आणि भिंतीतल्या त्या लहानशा चौकोनातून दिसणारा पडदा. माझं अर्धं बालपण तिथं गेलं. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर यायचं. पब्लिक मोठ्यानं रिळं वाचायचं. सोळा रिळं असली की टाळ्या, कारण पैसे वसूल. अब्बांनी मला एक खूण शिकवली होती. सर्टिफिकेटवर खालच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण असला, तर समजायचं की या सिनेमाला कात्री लागलेली आहे. काय कापलं ते सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असायचं. ती बाजू पडद्यावर कोण दाखवतोय! पण त्रिकोण दिसायचा. काहीतरी काढून घेतलंय, एवढं तरी सरकार कबूल करायचं.

सरकारची कात्री झाली की मग गावाची. दुपारच्या खेळाला बायकांची गर्दी असली, की मालकांचा निरोप यायचा. तो ठरावीक प्रसंग आला की अब्बा लेन्ससमोर पंजा धरायचे. पडद्यावर अंधार, गाणं मात्र चालूच. खालून शिट्ट्या, वरून अब्बांचं पुटपुटणं. रीळ तुटलं की चार-सहा फ्रेम कापून सिमेंट लावून जोडायचं. ते कापलेले तुकडे माझे. उन्हात धरून मी ते बघायचो. कापलेल्या गोष्टीवर माझा जीव तेव्हापासून आहे, असं म्हणा.

आमच्या पिढीचं कार्टून म्हणजे फिल्म्स डिव्हिजनचं. विजया मुळे यांची १९७४ ची 'एक अनेक और एकता' आठवते? पक्षी जाळ्यासकट उडून जातात ती. कार्टून म्हणजे मुलांना शहाणं करण्याची सोय, ही समजूत तिथून पक्की झाली. पुढे १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगलीची 'जंगल बुक' आली. त्याच्या शीर्षकगीतात गुलजारांनी 'चड्डी' हा शब्द घातला म्हणून हरकत निघाली होती, हा किस्सा प्रसिद्ध आहे. गुलजारांनी शब्द बदलला नाही. एक चड्डी वाचली. पण मुलांच्या कार्टूनमध्ये चड्डीसुद्धा चालत नाही, असं वाटणारे लोक होते, हे लक्षात ठेवा.

अमेरिकेत मात्र कार्टून पहिल्यापासून केवळ मुलांचं नव्हतं. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी ते लागायचं, आणि समोर मोठी माणसंच बसलेली असायची. फ्लायशर स्टुडिओची 'बेटी बूप' आखूड झग्यात नाचायची. १ जुलै १९३४ पासून तिथल्या चित्रपटधंद्याची आचारसंहिता कडकपणे लागू झाली आणि बेटीचा झगा गुडघ्याखाली आला. बाई सोज्वळ झाली, आणि तिच्यातली गंमतही गेली. शाईच्या रेघांनी काढलेल्या बाईलासुद्धा अंगभर कपडे घालायला लागले, तिथून ही गोष्ट सुरू होते. पुढे १९७२ मध्ये राल्फ बक्षी यांनी 'फ्रिट्झ द कॅट' काढला. 'एक्स' सर्टिफिकेट मिळालेला तो पहिला अमेरिकन कार्टून चित्रपट. पण तो थिएटरात होता. दारावर डोअरकीपर उभा असतो, तो मिशी बघून आत सोडतो. टीव्हीला डोअरकीपर नाही. खरा घोळ तिथं आहे.

आता आपण रेडिओवर बोलतोय, म्हणून ही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत टीव्हीवर काय चालेल याचा निकाल एका रेडिओ केंद्रामुळे लागला. जॉर्ज कार्लिन नावाच्या विनोदवीराचं, टीव्हीवर कधीही उच्चारता न येणाऱ्या शब्दांवरचं एक भाषण होतं. न्यूयॉर्कच्या एका केंद्रानं १९७३ मध्ये ते भर दुपारी लावलं. मुलाला घेऊन गाडीतून चाललेल्या एका बापानं ऐकलं आणि तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, की हवेतून येणारी ही लहर थेट घरात शिरते, मुलांच्या कानावर पडते, तेव्हा सरकारला तिच्यावर लगाम घालता येईल. पुढे रात्री दहा ते सकाळी सहा ही मोकळीक ठरली. हा लगाम फक्त हवेतून येणाऱ्या लहरीला. तारेतून येणाऱ्या केबलला तो लागू नाही, कारण केबल तुम्ही पैसे मोजून घरात घेता. तीच शिवी हवेतून आली तर गुन्हा, तारेतून आली तर धंदा. मोठ्यांची कार्टून्स या फटीतून उगवली.

ती उगवली तेव्हा घाबरगुंडीही उडाली. १९९३ मध्ये एमटीव्हीवर 'बीव्हिस अँड बट-हेड' सुरू झालं. दोन उनाड पोरं, काडेपेटीशी खेळणारी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओहायो राज्यात एका पाच वर्षांच्या मुलानं घरात आग लावली, त्यात त्याची दोन वर्षांची बहीण गेली. आई म्हणाली, हे तो त्या कार्टूनमधून शिकला. देश हादरला. कार्टून रात्री साडेदहानंतर ढकललं गेलं, आगीचा उल्लेख काढून टाकला गेला. त्या घरात केबलच नव्हती, असं शेजारी नंतर म्हणाले. पण तोवर सिनेटमध्ये चर्चा झालेली होती. तावातावानं बोलणाऱ्या सिनेटर हॉलिंग्ज यांना मालिकेचं नावसुद्धा धड घेता आलं नव्हतं. मला यावर हसावंसं वाटत नाही, कारण एक तान्ही पोर गेली होती. दुःख मोठं असलं की दोष द्यायला काहीतरी जवळचं लागतं, आणि टीव्ही घरात सगळ्यात जवळ असतो.

त्यानंतर १९९७ पासून तिकडे कार्यक्रमांना वयाचे शिक्के आले. सगळ्यात वरचा शिक्का 'टीव्ही-एमए', सतरा वर्षांखालच्यांसाठी नव्हे. त्याच वर्षी १३ ऑगस्टला कॉमेडी सेंट्रल या केबल वाहिनीवर 'साउथ पार्क' आलं. कर्ते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन, दोघंही तेव्हा विशीतले. चित्रं कागदाच्या कपट्यांची वाटावीत अशी ओबडधोबड. आणि सुरुवातीलाच सूचना, की हा कार्यक्रम कोणीच पाहू नये.

भाच्यानं मला काही भाग दाखवले. खरं सांगतो, निम्मे मला सोसले नाहीत. शिवी हा विनोदाचा मसाला असावा, भाजी नव्हे, असं माझं मत आहे. पण ही दोन माणसं मूर्ख नाहीत. २००१ च्या जूनमध्ये त्यांनी एक भाग केला. विष्ठेला इंग्रजीत जो चारचौघांत न घेण्याचा शब्द आहे, तो त्या एका भागात १६२ वेळा उच्चारला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा मोजणारं यंत्रच लावलं होतं. शब्द इतका झिजवायचा की त्यातला विंचूच मरावा. आणि खरोखर, वाहिनीनं तो भाग दाखवला आणि आभाळ कोसळलं नाही.

इथून वाटतं, की कात्री हळूहळू बोथट होत गेली आणि मोकळीक वाढत गेली. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तारखा जुळवायला लागलो आणि हिशोब बिघडला. 'फॅमिली गाय' नावाची दुसरी मालिका घ्या. त्यात एका पात्राचा उघडा पार्श्वभाग दिसतो. पहिल्यांदा दाखवला तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. पाच वर्षांनी तोच भाग पुन्हा दाखवताना फॉक्स वाहिनीनं तेवढी जागा धूसर करून टाकली. कारण? मधल्या काळात, फेब्रुवारी २००४ मध्ये, एका फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचं वस्त्र क्षणभर ढळलं होतं, कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं होतं आणि सरकारनं दंडाचा बडगा उचलला होता. बाई खरी, दंड खरा, आणि अब्रू झाकली कोणाची, तर रेघांनी काढलेल्या माणसाची! बेटी बूपला सत्तर वर्षं झाली होती.

आता भाच्याच्या पाच भागांकडे येतो. इथं मला जरा जपून बोलावं लागेल. भाषणाचा कागद मी आधी देऊन ठेवलाय, आणि त्यात एक शब्द बदलून घेतलाय, कोणता ते सांगत नाही.

४ जुलै २००१. 'साउथ पार्क'चा एक भाग प्रसारित झाला. त्यात जगातल्या धर्मांचे संस्थापक आणि देवता मिळून अडचणीत आलेल्यांना मदत करतात, अशी गोष्ट होती. येशू, बुद्ध, मोझेस, आपला कृष्णसुद्धा. आणि त्यात आमचे पैगंबरसाहेबही चित्ररूपात दाखवले होते. भाग दाखवला गेला, पुन्हा दाखवला गेला. कोणीही ओरडलं नाही. मिरजेत तर सोडाच, अमेरिकेतही नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ११ सप्टेंबर झाला. २००५ च्या सप्टेंबरमध्ये डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्रानं व्यंगचित्रं छापली आणि २००६ च्या सुरुवातीला अनेक देशांत जाळपोळ झाली, माणसं मेली. त्या एप्रिलमध्ये पार्कर आणि स्टोन यांनी पुन्हा पैगंबरसाहेबांचं पात्र आणायचं ठरवलं. या वेळी वाहिनीनं नकार दिला. तेव्हा त्यांनी त्या जागी काळ्या पडद्यावर अक्षरंच झळकवली, की वाहिनीनं हे दाखवायला नकार दिलेला आहे. म्हणजे अब्बांचा त्रिकोण! पाच वर्षांपूर्वी जे चाललं, ते आता चालत नव्हतं. चित्र तेच, वाहिनी तीच. जग बदललं होतं.

मग एप्रिल २०१०. मालिकेचा दोनशेवा भाग, आणि पुढच्या आठवड्यात दोनशे एकावा. त्यांची नावंही '२००' आणि '२०१' अशीच. गोष्टच अशी रचली होती, की पैगंबरसाहेबांना दाखवता येत नाही, मग न दाखवता काय काय करता येईल. दोनशेवा भाग झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका टोळक्याच्या वेबसाइटवर मजकूर आला, की या दोघांचं थिओ व्हान गॉगसारखं होऊ शकतं. व्हान गॉग हा डच दिग्दर्शक २००४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यावर मारला गेला होता. धमकीच होती ती. आठवड्यानं दोनशे एकावा भाग लागला तेव्हा पैगंबरसाहेबांचं नाव जिथं जिथं येईल तिथं बीप होता. इतपत मी समजू शकतो. वाहिनीच्या ऑफिसात टेलिफोन उचलणारी मुलगी असते, दारावर वॉचमन असतो, त्यांच्या जिवाचा विचार कोणीतरी करायलाच हवा.

पण या मालिकेच्या शेवटी काइल नावाचा पोरगा नेहमी एक छोटं भाषण करतो. आज मी काय शिकलो, छापाचं. त्या भागातलं त्याचं भाषण सुमारे पस्तीस सेकंदांचं. ते सगळंच्या सगळं बीप. पोराचे ओठ हलतायत आणि कानावर एकच लांबलचक सूर. लोकांना वाटलं, हाही एक विनोद असेल. दोन दिवसांत पार्कर आणि स्टोन यांनी जाहीर केलं, की हा बीप आमचा नाही, वाहिनीचा आहे. त्या भाषणात पैगंबरसाहेबांचं नावसुद्धा नव्हतं. भीती आणि धाकदपटशा या विषयावर ते भाषण होतं.

म्हणजे नाव कापलं, चित्र कापलं, आणि मग 'भीती वाटते' हे म्हणणंही कापलं.

तो धमकीचा मजकूर लिहिणारा कोण होता, हे शोधलं तेव्हा मी चाट पडलो. व्हर्जिनियातला वीस वर्षांचा अमेरिकन मुलगा. धर्मांतर करून थोडीच वर्षं झालेली. पुढे तो सोमालियातल्या अतिरेक्यांकडे जायच्या तयारीत पकडला गेला आणि २०११ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. जगात दीडशे कोटींवर मुसलमान. त्यांच्या वतीनं बोलला हा मुलगा, आणि त्याचं बोलणं सगळ्यांचं म्हणून धरून घाबरलं एक ऑफिस. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गवई हजेरी लावतात, आमच्याकडे मोहरमचे पंजे हिंदू घरांतूनही उचलतात, हे त्या मुलाला काय ठाऊक? आणि त्या ऑफिसला तरी काय ठाऊक?

माझं स्वतःचं म्हणाल, तर मला पैगंबरसाहेबांचं चित्र पाहायचं नाही. लहानपणापासून मनात जी जागा रिकामी ठेवायला शिकलो, ती रिकामीच राहावी असं वाटतं. चित्र काढणाऱ्यानं माझा विचार करावा, असंही वाटतं. पण टीव्हीचं बटण माझ्या हातात आहे. २००१ मध्ये ज्यांना पाहायचं नव्हतं त्यांनी ते पाहिलं नाही, संपलं. २०१० मध्ये जे कापलं ते माझ्या श्रद्धेला जपण्यासाठी नव्हतं. श्रद्धेला जपायचं असतं तर पस्तीस सेकंदांचं ते भाषण राहिलं असतं. कापलं ते भीतीपोटी, आणि पावती फाडली माझ्या नावानं.

हे इतकं लागण्याचं कारण घरचंच आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कवी संमेलन होतं. मोहरमच्या पंज्यांवर माझी एक कविता आहे. पंजा धरणाऱ्या एका मांग म्हाताऱ्याची. स्टेजवर जायच्या आधी आयोजक, अतिशय सज्जन माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आज ती पंज्याची नको. तुमच्यातल्या कोणाला वाईट वाटलं तर?" मी म्हटलं, "अहो, तुमच्यातला तो मीच." ते हसले, माझा हात दाबला आणि म्हणाले, "तरी पण." समोर आमच्यातले असे एकूण तिघं बसले होते. एक मी ज्याच्या गाडीतून आलो तो ड्रायव्हर, दुसरा मंडपवाला, तिसरे एक निवृत्त मास्तर. तिघांनाही कोणी विचारलं नाही. आणि मी काय केलं? मी पावसाची कविता वाचली. टाळ्याही पडल्या. परतताना ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, वो पंजेवाली क्यूं नै पढी? अम्मी को बोलके आया था सुनाऊंगा."

त्यामुळे त्या वाहिनीला नावं ठेवताना माझा आवाज फार वर चढत नाही.

असो. आता सगळं स्ट्रीमिंगवर आलंय. मला वाटलं होतं, इथं तरी कात्री नसेल. हवेची लहर नाही, रात्री दहाचा नियम नाही, जाहिरातदार बिथरायची भीती कमी. आणि खरंच, सुटलेला घोडा आहे. नेटफ्लिक्सवर २०१४ मध्ये 'बोजॅक हॉर्समन' आलं. एका उतरत्या काळातल्या नटाची गोष्ट, आणि हा नट घोडा आहे. दारू, एकटेपणा, आईवरचा राग. मी ते पाहून दोन रात्री नीट झोपलो नाही. शिव्यांना तिथं काहीच आडकाठी नव्हती. पण त्यातल्या लेखकांनी स्वतःच ठरवलं, की इंग्रजीतली ती सगळ्यात मोठी शिवी एका सीझनमध्ये एकदाच वापरायची. तीही कोणाचं तरी नातं कायमचं तुटतं तिथं. १६२ वेळा आणि एकदा. मी कवी आहे, मला एकदाच्या बाजूनं जावंसं वाटतं. पण ही निवड त्यांची होती. कोणी त्यांच्या लेन्ससमोर पंजा धरला नव्हता.

दुसरीकडे, काय लागतं तेही बदलत गेलं. 'सिम्पसन्स'मधला दुकानदार अपू, तो भारतीय उच्चारांचा. आवाज एका गोऱ्या नटाचा. तिकडे वाढलेल्या आपल्या पोरांना शाळेत त्यावरून चिडवायचे. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदवीरानं त्यावर माहितीपट केला, आणि २०२० मध्ये हँक अझारिया यांनी तो आवाज काढणं सोडलं. ही सेन्सॉरशिप नव्हे, उशिरा आलेलं भान आहे, असं मी मानतो. भाचा म्हणतो, "मामू, मला अपू आवडायचा." घरात दोन मतं आहेत.

पण स्ट्रीमिंगची एक गोष्ट मला टॉकीजच्या दिवसांपेक्षा वाईट वाटते. तिथं त्रिकोण नाही. एखादा भाग यादीतून गेला की गेला. काळा पडदा नाही, बीप नाही, अब्बांचा पंजा नाही. २०१९ मध्ये 'सिम्पसन्स'चा मायकेल जॅक्सनच्या आवाजाचा जुना भाग निर्मात्यांनी काढून घेतला, निदान तसं जाहीर तरी केलं. पण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला 'डिस्ने प्लस' सुरू झालं तेव्हा 'सिम्पसन्स'चा आणखी एक भाग तिथं गुपचूप गायब होता. त्यात हे कुटुंब बीजिंगला जातं. तिआनमेन चौकात एक पाटी दिसते, १९८९ मध्ये इथं काहीही घडलं नाही अशा अर्थाची. पुसून टाकण्यावरचा विनोदच पुसून टाकला. प्रेक्षकांनी भागांचे क्रमांक मोजले म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं.

आपल्याकडे काय? माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना 'शिनचॅन' बघायची. जपानमध्ये १९९० मध्ये ते मोठ्यांच्या साप्ताहिकातलं चित्रकथानक होतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. इथं २००६ मध्ये मुलांच्या वाहिनीवर हिंदीत आलं. आईवडिलांच्या तक्रारी झाल्या, २००८ मध्ये सरकारनं बंद केलं, मग कापून-छाटून परत आलं. ग्लासात बिअर आणि तोंडी 'जूस'. मुलगी मला विचारायची, "अब्बा, जूस प्यायल्यावर ते डोलतात का?" २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं स्ट्रीमिंगसाठी नियम केले. सात, तेरा, सोळा अशा वयांचे शिक्के, आणि प्रौढांचा 'ए'. शिक्का वाहिनीनंच मारायचा. वयाच्या शिक्क्याला माझी ना नाही. डोअरकीपर असावा. तो शिक्का मारून झाल्यावर आत गुपचूप काय कापलं, तेही कोपऱ्यात लिहावं, एवढंच म्हणणं आहे. एक लहानसा त्रिकोण काढायला किती जागा लागते?

पुढच्या शनिवारी भाच्याचा कॉल आला. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामू, त्यांनी आता काय दाखवलंय माहीत आहे? राष्ट्राध्यक्ष ट्रम्प, उघडेनागडे." खरं आहे. २०२५ च्या जुलैतला तो भाग. एक अवयव धूसर करावा, असं वाहिनीचं म्हणणं होतं, असं पार्कर यांनीच जाहीर सांगितलं. तर या दोघांनी त्या अवयवाला डोळे काढले आणि म्हणाले, आता हे एक पात्र आहे. पात्र धूसर करत नाहीत! व्हाइट हाऊसनं रागावून पत्रक काढलं, भाग तसाच राहिला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला कपडे नाहीत ते चाललं, आणि भीतीविषयी बोलणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या कार्टून पोराचं भाषण पंधरा वर्षं झाली तरी चाललेलं नाही.

भाचा म्हणाला, "मामू, ते भाग बघायचे तुम्हाला? २०१४ मध्ये न कापलेला दोनशे एकावा कोणीतरी इंटरनेटवर सोडला होता. शेवटाचा तुकडा माझ्याकडे आहे."

मी म्हटलं, "बाकीचं नको. ते पोरगं शेवटी काय बोलतं, तेवढं ऐकव."

त्यानं फोन लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरला आणि तुकडा सुरू केला. हिरव्या कानटोपीतला तो पोरगा दिसला. त्यानं तोंड उघडलं, एखाद-दुसरा शब्द आला असेल नसेल, तेवढ्यात मागून आपाचा आवाज आला. माझी मोठी बहीण, ती तेव्हा त्याच्याकडेच राहायला गेली होती. "क्या चल रा है रे मामू-भांजे का?"

भाच्याचं बोट मला दिसलं. त्यानं आवाज बंद केला होता. "कुछ नै अम्मी, कार्टून है."

"इतका मोठा झाला आणि अजून कार्टून बघतोय," आपा मला म्हणाली, आणि मिरजेत पाऊस कसा आहे ते विचारू लागली. मी तिला पावसाचं सांगत राहिलो. तिच्या मागे लॅपटॉपवर त्या पोराचे ओठ हलत होते.